आकाश काळं केलं म्हणून अ‍ॅडम्स लबाड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डोंगरदऱ्यांच्या कृष्णधवल फोटोंसाठी गाजलेला अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, त्याच्यावरच्या लेखाखाली तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबण. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हरिश्चंद्रगडाच्या फोटोवर दुसरीकडची आकाशगंगा चिकटवणाऱ्या पोरांना मी मध्यंतरी झोडपलं, आणि डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत बसून आकाश काळं करणाऱ्या अ‍ॅडम्सला मात्र डोक्यावर घेतलं, हा दुटप्पीपणा. शिवाय जग महायुद्धात होरपळत असताना हा गृहस्थ डोंगरांचे फोटो काढत बसला, त्याचं एवढं कौतुक कसलं?

पहिला मुद्दा मला अजिबात मान्य नाही. दुसरा मान्य आहे, फक्त तुम्ही तो फार लवकर सोडून दिलात.

आकाशाचं बघू. 10 एप्रिल 1927 रोजी पंचवीस वर्षांचा अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम कड्यासमोर बर्फ तुडवत पोचला. बरोबर मित्रमंडळी होती आणि पुढे त्याची बायको झालेली व्हर्जिनिया बेस्ट. पाठीवर मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा; त्यातल्या वर पोचेपर्यंत दोनच शिल्लक. एक त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की समोर जो दरारा जाणवतोय तो यात येणार नाही, आकाश मिळमिळीत राखाडी येईल. उरलेल्या एकुलत्या एक प्लेटेसाठी त्याने गडद लाल फिल्टर चढवला. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळं आकाश जवळजवळ काळं उमटतं. ‘मोनोलिथ’ हा त्याचा गाजलेला फोटो तो हाच. आकाश काळं करायचं हे शटर दाबण्याआधी, कड्यासमोर उभं राहून ठरलं होतं.

आणि मला सांगा, निळ्या आकाशाची ‘खरी’ राखाडी छटा कोणती? एकोणिसाव्या शतकातल्या प्लेटा निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या होत्या की आकाश पांढरंफटक यायचं. त्या फोटोग्राफरांना कुणी लबाड म्हटलं नाही. कृष्णधवलमध्ये छटा निवडावीच लागते. तुम्ही निवडली नाहीत तर फिल्म तयार करणारा कारखाना तुमच्या वतीने निवडतो.

‘मूनराइज, हर्नांडेझ’चं प्रकरण जास्त मजेदार आहे, आणि तुमचा रोख बहुधा त्यावरच आहे. 1941 सालची शरदातली संध्याकाळ, न्यू मेक्सिकोतलं एक खेडं, मावळत्या उन्हात चमकणारे कबरींवरचे पांढरे क्रूस, वर चंद्र. अ‍ॅडम्सने गाडी थांबवून आठ बाय दहा इंची फिल्मचा कॅमेरा उभा केला, पण प्रकाश मोजायचं लाइट मीटर काही सापडेना. चंद्राची तेजस्विता मात्र त्याला पाठ होती: दर चौरस फुटाला 250 कँडल. तिच्यावरून तोंडी हिशेब करून त्याने एक सेकंद, एफ/32 (म्हणजे भिंगाचं छिद्र अगदी बारीक) असं एक्स्पोजर दिलं. दुसऱ्या फोटोसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं. निगेटिव्ह हाती आली ती छापायला महा कटकटीची: खालचा भाग पातळ, म्हणजे तिथे प्रकाश फारच कमी नोंदलेला, आकाशात ढगांचे पट्टे. 1948 मध्ये त्याने खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो दाट केला. आकाशासाठी मात्र प्रत्येक प्रिंटच्या वेळी एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) प्रकाशात पुठ्ठा हलवत वरच्या भागाला जादा प्रकाश द्यावा लागे. पुठ्ठा एका जागी थबकला की कडेची रेघ उमटलीच, म्हणून हात सारखा हलता ठेवायचा. ज्यांनी डार्करूममध्ये असं बर्निंग केलंय त्यांना मनगट आठवेल. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात हलके ढग दिसतात, 1970 नंतरच्या प्रिंटमध्ये ते ठार काळं आहे. हा माणूस मुळात पियानोवादक व्हायला निघाला होता; निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराची लिखित रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो उघडपणे मांडत असे. चोरी कशाची मग? आपली सगळी कृती त्याने पुस्तकांतून शिकवली. चिकटवलेल्या आकाशगंगेवर माझा राग आहे तो तिच्याखाली ‘नो एडिट’ लिहिण्यावर.

तुम्ही काढला नाहीत असा एक पुरावा मीच पुढे करतो. ‘विंटर सनराइझ’ या फोटोत मागे सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग, मध्ये काळ्या टेकड्या, पुढे उन्हाच्या पट्ट्यात चरणारा इवलासा घोडा. त्या टेकडीवर लोन पाइन गावच्या शाळकरी पोरांनी ‘एल’ आणि ‘पी’ ही भलीमोठी पांढरी अक्षरं काढली होती. अ‍ॅडम्सने ती निगेटिव्हमधून जमेल तेवढी घालवली आणि उरलेला माग प्रत्येक प्रिंटवर रंगाने बुजवला. हेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आकाशाच्या बाबतीत मी त्याची बाजू घेतली, इथे घेणार नाही. आकाश गडद करणं हा छटेचा निर्णय. टेकडीवरून माणसाची खूण पुसणं हे वेगळं काम आहे.

इथून तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला हात घालतो. तो फोटो त्याने काढला ते दिवस मँझनारच्या फेऱ्यांचे. मँझनार म्हणजे लोन पाइनच्या जवळची ती छावणी, जिथे सुमारे दहा हजार जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकन सरकारने युद्धकाळात डांबलं होतं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. अ‍ॅडम्सने 1943-44 मध्ये तिथे जाऊन त्यांचे फोटो काढले आणि 1944 साली, युद्ध चालू असताना, त्यांचं पुस्तक छापलं. तेव्हा ‘डोंगर काढत बसला’ हे पुरतं खरं नाही. पण काटेरी तारा, पहारेकरी, टेहळणीचे मनोरे यांचे फोटो घ्यायला बंदी होती, आणि ती त्याने पाळली. चेहरे स्वच्छ, बरेचसे हसरे. त्याच छावणीत टोयो मियाताके हा कैदेतला फोटोग्राफर लपवून आणलेल्या भिंगावर लाकडी खोकं बसवून चोरून फोटो काढत होता. दोघांचे फोटो शेजारी ठेवले की मला मियाताकेचे जास्त वेळ बघावेसे वाटतात.

त्याहून मोठी तक्रार योसेमिटीची आहे. अ‍ॅडम्सचं ते निर्मनुष्य, आताच घडवल्यासारखं खोरं निर्मनुष्य कधीच नव्हतं. आवानीची या तिथल्या मूळ रहिवाशांना तिथून हुसकवायला 1851 मध्ये सशस्त्र तुकडी शिरली होती. त्यातूनही काही कुटुंबं परतली. अ‍ॅडम्स 1916 साली पोरवयात ब्राउनी कॅमेरा घेऊन पहिल्यांदा आला तेव्हाही खोऱ्यात त्यांची वस्ती होती. शेवटची घरं 1969 मध्ये गेली. ज्या प्रतिमांनी अमेरिकेला ‘अस्पर्श निसर्ग’ दाखवला, त्यांच्या चौकटीत ही माणसं बसली नाहीत. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही, अख्ख्या राष्ट्रीय उद्यानांच्या कल्पनेचा आहे. पण अशाच फोटोंच्या बळावर तो 1936 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना भेटला आणि 1940 मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा चौकटीतून काय वगळलं हा प्रश्न नुसत्या सौंदर्याचा उरत नाही. मला त्याचे डोंगर तरीही आवडतात. तुम्हाला आवडायलाच हवेत असा आग्रह नाही.

मँझनारचे दोनशेहून जास्त फोटो त्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले, आणि त्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतात. कित्येक निगेटिव्हच्या शेजारी त्याने केलेली प्रिंटही ठेवली आहे, म्हणजे कुठे किती हात मारला ते तुम्हाला स्वतःच ताडून बघता येईल. ते बघा आणि मग इथेच खाली पुन्हा भांडायला या.