एमओटी फेल गाडी आणि ‘दोन बल्ब’

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘एमओटी म्हणजे इथली पीयूसी. फेल झालेली गाडी निम्म्या किमतीत मिळते. जुनी एमओटी संपेपर्यंत चालवा, मग दोन बल्ब बदलून पास करून घ्या. काही निघालंच तर विकणारा बघेल.’

पहिलं वाक्यच चूक. पीयूसीत फक्त धूर बघतात. एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची दरवर्षीची सक्तीची तपासणी; तीत धुराबरोबर ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, सीटबेल्ट, दिवे आणि सांगाड्याचा गंजही बघतात. उलट इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था बघत नाहीत. म्हणजे फेलच्या कागदावर तीनच दोष असले, तरी गाडीत तीनच आहेत असं नाही.

‘जुनी संपेपर्यंत चालवा’ हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. मे २०१८पासून दोषांचे डेंजरस, मेजर आणि मायनर असे वर्ग आहेत. मायनरने गाडी फेल होत नाही. मेजरने फेल झाली आणि जुन्या एमओटीची मुदत शिल्लक असली, तर गाडी तपासणी सेंटरवरून नेता येते; पण ती रस्त्यावर चालवण्याजोगी असण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची, आणि जुना कागद खिशात आहे म्हणून ब्रेक लागत नाहीत. डेंजरस लिहिलं असेल तर दुरुस्तीआधी चालवायचीच नाही: २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन दंडाचे पॉइंट, वेळ आली तर गाडी चालवण्यावर बंदी. मुदत संपलेली गाडी फक्त दुरुस्तीला किंवा आधी बुक केलेल्या टेस्टला नेता येते. विकत घेऊन घरी नेणं त्यात बसत नाही. शिवाय आधीच्या मालकाचा रोड टॅक्स २०१४पासून गाडीबरोबर येत नाही, आणि नवा भरायला चालू एमओटी लागते. (टो ट्रकचं भाडं त्या ‘निम्म्या किमतीत’ कुणी धरलेलं नसतं.)

विकणारा बघेल? डीलरकडून घेतली तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार आहे. सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेतली तर तो आधार नाही. त्याने फेल झाल्याचं जाहिरातीतच सांगितलं असेल, तर नंतर भांडायचं कशावरून?

आता ते दोन बल्ब. बल्ब, वायपर, टायर अशा दोषांवर गाडी पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत त्याच सेंटरवर परत नेली, तर फेरतपासणी फुकट होते. बल्ब किरकोळ किमतीचा. तेवढं केलं की विकणाऱ्याला पूर्ण किंमत मिळाली असती. मग त्याने ते का केलं नाही? बहुतेकदा कारण खाली असतं: सडलेला पत्रा. वेल्डरने कापायला घेतलं की गंज आणखी आत गेलेला दिसतो, आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असा हिशेब सुरू होतो.

फेल गाडी कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. नुसत्या टायरवर फेल झालेली, ओळखीच्या मेकॅनिकने खालून बघितलेली गाडी मीही घेईन. पण आधी गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून एमओटीचा इतिहास वाचेन. तो फुकट आहे आणि त्यात प्रत्येक वेळचे दोष आणि मायलेज असतं. गेल्या तीन वर्षांच्या सूचनांमध्ये ‘कोरोजन’ (गंज) हा शब्द दिसला, तर विकणाऱ्याला फोनही करणार नाही.