हत्तीवर अंबारी आहे, राजकन्या नाही

रविवारी आत्याचा फोन. पुढच्या महिन्यात ती लंडनला माझ्याकडे येतेय. "अरे, ते एलिफंट अँड कॅसल स्टेशन आहे ना, ते मुळात स्पेनच्या राजकन्येचं नाव. एवढी वर्षं तिथे राहून तुला माहीत नाही?" पाठोपाठ फॉरवर्ड आला: 'इंग्लंडच्या पबच्या पाट्यांमागचं थक्क करणारं सत्य.' हा मजकूर मी आधी दोन ग्रुपांवर पाहून सोडून दिला होता. पण आता तो घरात शिरलाय.

त्यातला मुख्य दावा असा: कॅस्टिलची (आज स्पेनमध्ये असलेल्या राज्याची) राजकन्या, म्हणजे 'इन्फंटा द कॅस्टिल', एलेनॉर इंग्लंडची राणी झाली. अडाणी लोकांना ते नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचं 'एलिफंट अँड कॅसल' झालं.

एलेनॉर खरी, कॅस्टिलची होती हेही खरं, पहिल्या एडवर्डची राणी होती हेही कबूल. पण ती वारली १२९० मध्ये. आणि स्टेशनला जिचं नाव पडलं त्या सराईचं हे नाव कागदोपत्री पहिल्यांदा सापडतं १७६५ मध्ये. मधली पावणेपाचशे वर्षं हा अपभ्रंश कुठे दडून बसला होता?

त्याहून साधी गोष्ट म्हणजे, सराईची ही पाटी वाचायची नव्हतीच, बघायची होती. गिऱ्हाइकांना अक्षरओळख नसायची, म्हणून दारावर चित्र टांगायचं. चित्र ऐकण्यात कशी चूक होईल? आणि पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती युरोपात मध्ययुगापासून रंगवला जातोय. कॉव्हेंट्री शहराच्या मानचिन्हात तो आहे. लंडनच्या चाकू-सुऱ्या करणाऱ्यांच्या संघाच्या चिन्हातही आहे, कारण त्यांच्या मुठी हस्तिदंती असत. ही राजकन्या काय सगळीकडे फिरत होती? तो बुरूज म्हणजे आपली अंबारीच, फक्त हत्ती जन्मात न पाहिलेल्या चित्रकारांनी ऐकीव माहितीवर काढलेली. मराठी माणसाला हे सांगावं लागावं याचाच राग येतो. दसऱ्याची मिरवणूक पाहिलेल्या बाईला आपण स्पेनची राजकन्या शोधायला लावतोय!

'गोट अँड कंपासेस' हे पबचं नाव म्हणजे 'गॉड एन्कम्पासेथ अस', देव आपल्याभोवती आहे, हा दुसरा मुद्दा. तोही त्याच कारखान्यातला. पुरावा शून्य.

तिसरा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, खोडसाळ आहे. 'संत पॅट्रिक हा दारूचा संत, म्हणून १७ मार्चला आयरिश लोक धर्माज्ञा म्हणून पितात. ज्यांचे संतच असे...' वगैरे. पुढचं लिहीत नाही. पॅट्रिक हा आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणारा धर्मगुरू. त्याच्या दिवशी पब उघडे ठेवायला आयर्लंडमध्ये १९२७ च्या कायद्याने चक्क बंदी होती. ती १९६० मध्ये उठली. आपल्याकडे आषाढीला ड्राय डे असतो, तसंच. (तिथेही पळवाट होती. डब्लिनमध्ये त्या दिवशी कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं आणि तिथे दारू मिळायची, त्यामुळे श्वानप्रेमींची संख्या फार वाढायची.) हल्ली त्या दिवशी भरपूर पितात, हे खरंय. जुन्या काळीही शेवटच्या पेल्यात शॅमरॉकचं (आयर्लंडचं प्रतीक असलेलं तिपानी रोप) पान बुडवून प्यायची रीत होती. पण ती रीत, धर्माज्ञा नव्हे.

'ऑन द वॅगन' (म्हणजे दारू सोडलेला) हा शब्दप्रयोग फाशीच्या कैद्यांच्या गाडीवरून आला, हेही खरं नाही. तो अमेरिकेतला, पाण्याच्या गाडीवरून आलेला. कैद्यांना वाटेत शेवटचा पेला मिळायचा, तेवढं मात्र खरं: लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी नेताना सेंट जाइल्सच्या धर्मशाळेपाशी त्यांना वाडगाभर एल (एक प्रकारची बिअर) देत, असं लंडनचा इतिहास लिहिणारा जॉन स्टो १५९८ मध्ये लिहून गेलाय.

राहता राहिला 'रॉयल ओक' हे पबचं नाव. हा एक मुद्दा बरोबर निघाला: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स खरंच ओकच्या झाडावर लपला होता. पण फॉरवर्ड म्हणतो, २९ मेला. लपला तो १६५१ च्या सप्टेंबरात, वूस्टरची लढाई हरल्यावर. २९ मे हा त्याचा वाढदिवस, आणि १६६० मध्ये राजा म्हणून तो लंडनात परतला तो दिवस.

आत्या आली की भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाईनने तिला शेवटच्या, म्हणजे एलिफंट अँड कॅसल स्टेशनापर्यंत नेणार आहे. तिथून जवळच हत्तीचा पुतळा आहे. त्याच्या पाठीवर काय आहे ते तिलाच विचारतो.