'प्लगइन हवेत तर एक्सएमएल सोडा' म्हणे!

पणजी-पर्वरीकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांत एक सल्ला फिरतो आहे: प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचे घटक, हवे असतील तर कॉन्फिगरेशनसाठी (प्रोग्रामच्या मांडणीच्या फाइलसाठी) एक्सएमएल, म्हणजे माहिती कोनी कंसांतल्या टॅगमध्ये लिहायची पद्धत, सोडा. कारणे चार. स्कीमात, म्हणजे कोणते टॅग चालतील ते सांगणाऱ्या नियमांच्या फाइलीत, सगळे टॅग आधीच लिहावे लागतात. म्हणून अनोळखी टॅगकडे काणाडोळा करावा. रिफ्लेक्शन (नुसत्या नावावरून चालू प्रोग्राममध्ये क्लास, म्हणजे कोडचा साचा, शोधून वापरणे) असले की पार्सिंग, म्हणजे फाइल वाचून समजून घेणारा कोड, लिहायलाच नको. आणि एक्सएमएल मुळातच असुरक्षित. कळंगुटच्या एखाद्या हॉटेलचे बिलिंग डोळ्यांसमोर ठेवू: गाभा एक, प्रिंटर, कर आणि एसएमएस हे घटक बाहेरचे.

पहिले कारण साफ चूक. नेमस्पेस, म्हणजे टॅग कोणाचा ते सांगणारी आडनावे, 1999 पासून आहेत, एक्सएमएल स्कीमा 2001 पासून. गाभ्याच्या स्कीमात घटकाच्या टॅगच्या आत 'एनी', म्हणजे आधी न लिहिलेल्या टॅगसाठी मोकळी जागा, ठेवा. नेमस्पेस '##अदर' (गाभ्याचा सोडून दुसरा), तपासणी 'लॅक्स' (सैल). प्रिंटरचा स्कीमा सापडला तर आतला मजकूर तपासला जातो, नाही सापडला तर तसाच पुढे जातो. 'स्ट्रिक्ट'मध्ये स्कीमा नसलेला घटक नाकारला जाईल, 'स्किप'मध्ये काहीच तपासले जाणार नाही. ठेच लागते ती '##अदर'ऐवजी '##एनी' (कोणताही नेमस्पेस) लिहिल्यावर. लगेच आधी गाभ्याचा एखादा ऐच्छिक टॅग असेल, तर आलेला टॅग त्याचा की 'एनी'चा हे ठरत नाही आणि स्कीमाच अवैध होतो. एक्सएमएल स्कीमाच्या 2012 च्या 1.1 आवृत्तीत हे सुटले, पण बरेच पार्सर अजून 1.0 वरच आहेत.

दुसरा सल्ला सर्वांत घातक. टॅगची नावे देवनागरीत चालतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ आपल्याकडे कुणाचे चुकत नाही? 'टाइमआउट'चे (किती वेळ वाट पाहायची त्याचे) 'टाईमआउट' झाले, पार्सरने ते मुकाट गिळले, की प्रिंटर मूळ किमतीवरच (कोडमध्ये आधीपासून ठरलेल्या मूल्यावरच) चालतो आणि दोष केबलवर जातो. घटकाच्या स्वतःच्या नेमस्पेसमधला अनोळखी टॅग दिसला की फाइलचे नाव आणि ओळ दाखवून थांबा. नेमस्पेसच नोंदलेला नसेल तरीही थांबा. अपवाद फक्त 'ऐच्छिक' अशी खूण केलेल्या घटकाचा. ओळीचा क्रमांक सॅक्सचा, म्हणजे एकामागून एक टॅग वाचत जाणाऱ्या पार्सरचा, लोकेटर देतो. सगळी फाइल झाडासारखी मांडून देणारा प्रमाणित डॉम देत नाही. झाड बांधायचेच असेल तर टॅग सुरू होताना क्रमांक नोडला चिकटवून ठेवा.

रिफ्लेक्शन वाईट नाही, अपुरे आहे. फाइलमधल्या नावावरून कोणताही क्लास उभा करू दिला, तर फाइल बदलू शकणारा माणूस हवा तो कोड चालवेल. त्यापेक्षा लहान नाव आणि फॅक्टरी (घटक तयार करून देणारा कोड) अशी नोंदवही ठेवा. किमतींतही सापळे आहेत: जावा भाषेतले पार्सबूलियन (मजकुराचे हो-नाही करणारे फंक्शन) 'यस'ला मुकाट्याने फॉल्स ठरवते, आणि नुसते '30' म्हणजे सेकंद की मिलिसेकंद ते कळत नाही. सेटर, म्हणजे घटकात एकेक किंमत बसवणारी फंक्शने, फाइलमधल्या क्रमाने धावतात, त्यामुळे पोर्ट कळण्याआधीच घटकाने प्रिंटरला जोडणी केली तर फसले. बंद टॅग आल्यावर, सगळ्या किमती बसल्या की मगच वेगळी 'सुरू करा' पायरी चालवा. प्रोग्रामच्या नोंदी लिहिणारी जावाची लायब्ररी लॉगबॅक हेच करते.

असुरक्षिततेबद्दल थोडक्यात: धोका डॉकटाइपमध्ये आहे, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या ज्या भागात एंटिटी (मजकुराची लघुरूपे) ठरवता येतात त्यात. एकात एक दहा-दहा वेळा गुंफलेल्या एंटिटींच्या नऊ पायऱ्यांत 1 चे 100 कोटी होतात, आणि बाह्य एंटिटी सर्व्हरवरची फाइल वाचू शकते. कॉन्फिगरेशनला डॉकटाइप लागतच नाही. पार्सरमध्ये तो नाकारा.

बिलाच्या मथळ्यात कोकणी-मराठी मजकूर असेल तर पार्सरला स्ट्रिंग नव्हे, बाइट्स द्या. फाइलच्या पहिल्या ओळीतल्या घोषणेतले एन्कोडिंग (अक्षरे बाइट्समध्ये कशी लिहिली ते) तो स्वतः पाळतो. जावा 18 पूर्वीचा फाइलरीडर (फाइल वाचून स्ट्रिंग देणारा क्लास) मात्र विंडोजचे कोडपेज, म्हणजे तिथला जुना अक्षरसंच, धरून देवनागरीची वाट लावतो.

एक्सएमएलऐवजी टॅगशिवाय लिहायचे वायएएमएल सोपे वाटते खरे. त्याच्या 1.2 आवृत्तीच्या कोअर स्कीमात अवतरणाशिवाय 0832 लिहिले की ती संख्या ठरते आणि गोव्याच्या एसटीडी कोडचे 832 उरते. दहा-बारा सपाट किमतींसाठी मात्र ना एक्सएमएल हवे ना वायएएमएल. ओळीला एक नाव आणि त्याची किंमत अशी साधी प्रॉपर्टीज फाइल पुरते.