नरकातून सुटकेचं कार्ड आणि सहा गुन्हेगार

‘सुइसाइड स्क्वॉड: हेल टू पे’बद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. २०१८ चा ॲनिमेशनपट, दिग्दर्शक सॅम लिऊ, लेखक ॲलन बर्नेट, लांबी जेमतेम दीड तास. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहावा असं) मिळालं आणि ते योग्यच आहे. डोकी फुटतात, शिव्यांना खंड नाही. कार्टून दिसतंय म्हणून मुलांना लावून देऊन आपण आत कामाला जायचं, असा हा सिनेमा अजिबात नाही. पण याला मोठ्यांचा सिनेमा म्हणायचं ते त्या रक्तामुळे नाही, असं मला ठामपणे वाटतं. का, ते शेवट उघड केल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी इथेच थांबा.

सुइसाइड स्क्वॉड या टोळीची मूळ कल्पना बहुतेकांना माहीत असेल. अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी तुरुंगातल्या खुनी, दरोडेखोरांना बाहेर काढते, त्यांच्या अंगात बॉम्ब बसवते आणि सरकारला ज्यात हात माखायचे नाहीत अशी कामं त्यांच्याकडून करून घेते. जिवंत परत आलात तर शिक्षेत सूट. आज आपण ओळखतो ते हे रूप जॉन ऑस्ट्रँडरने १९८७ च्या कॉमिक्समध्ये उभं केलं. तेव्हा स्फोटकं मनगटावरच्या कड्यात असायची. कॅप्टन बूमरँगला ती खरी आहेत की नुसती धमकी, हे जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्याने स्लिपनॉट नावाच्या साथीदाराला पळून जायला भरीला घातलं. स्लिपनॉट पळाला आणि हात गमावून बसला. बूमरँगला उत्तर मिळालं. ही माणसं कुठल्या जातकुळीची आहेत ते कळायला एवढा प्रसंग पुरे.

या सिनेमात वॉलर स्वतःच मरणाच्या दारात आहे. आजार बरा होणारा नाही. आपण आयुष्यभर काय काय केलंय आणि त्यापायी मेल्यावर कुठे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती डेडशॉट, ब्रॉन्झ टायगर, हार्ली क्विन, किलर फ्रॉस्ट, बूमरँग आणि कॉपरहेड अशा सहा जणांना एका जादूच्या कार्डामागे धाडते. मरताना हे कार्ड जवळ असेल तर नरक चुकतो. पापाचा घडा कितीही भरलेला असो, सगळं माफ. फक्त ते एकदाच चालतं. (कार्डाची कल्पना गेल सिमोनच्या ‘सीक्रेट सिक्स’ या २००८ मध्ये सुरू झालेल्या कॉमिक्समधली.)

करावे तसे भरावे या नियमातून पळवाट आहे म्हटल्यावर कोण कोण धावत सुटतं, ते बघण्यासारखं आहे. व्हँडल सॅव्हेज अमर आहे, हजारो वर्षं जगलाय, त्याला मरणाची भीती असायचं कारणच नाही. तरीही त्याने ते कार्ड शस्त्रक्रिया करून स्वतःच्या छातीत बसवून घेतलंय! आणि अफाट वेगाने धावणाऱ्या प्रोफेसर झूम या खलनायकाची गोष्ट तर विलक्षण आहे. २०१३ च्या ‘फ्लॅशपॉइंट पॅराडॉक्स’ या ॲनिमेशनपटात त्याच्या डोक्यात गोळी घुसली होती. तो खरं तर त्याच क्षणी मेलाय, पण आपल्या वेगाच्या जोरावर मरणाचा तो एक क्षण ताणत ताणत जगतोय. क्षण संपायच्या आत त्याला कार्ड हवंय. सुपरहिरोंच्या गोष्टीत मेलेलं कुणी ना कुणी परत येतंच, त्यामुळे तिथल्या मरणाचं आपल्याला काही वाटेनासं झालंय. इथे मात्र कपाळाला भोक पडलेला माणूस एकेक श्वास मोजून खर्च करतो, आणि आपल्यालाही धास्ती वाटते.

पण मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते वॉलरने. तिला क्षमा हवीये, पश्चात्ताप नकोय. ज्या पापांची भीती वाटते, तीच पुन्हा करून ती स्वर्गात जायची सोय करतेय. माणसं मरायला पाठवायची आणि त्यांच्या जिवावर स्वतःचा हिशेब साफ करायचा. सिनेमा तिच्यावर ओरडत नाही, तिला राक्षस करून दाखवत नाही. व्हनेसा विल्यम्सच्या आवाजात ती शेवटपर्यंत तशीच थंड, कामाशी काम ठेवणारी राहते.

दुसऱ्या टोकाला टायगर आणि डेडशॉट. डेडशॉट पैसे घेऊन खून करतो म्हणून टायगरला त्याचा मनापासून तिटकारा आहे. अर्धा सिनेमा हे सगळे एका गाडीत कोंबून रस्त्याने चाललेत, आणि या दोघांची धुसफूस थांबत नाही. शेवटी टायगर जखमी होऊन मरायला टेकतो, आणि डेडशॉट ते कार्ड त्याच्या हाती देतो. स्वतःच्या नावावर ढीगभर खून असलेला माणूस! वापरून संपलेलं कार्ड मग तो वॉलरच्या हवाली करतो आणि सुटका मिळवून मुलीला भेटायला जातो. तो काही संत झालेला नाही. वॉलरला फसवताना त्याला जरासुद्धा जड जात नाही. पण इतक्या जणांनी ज्यासाठी मुडदे पाडले, ते आपण दुसऱ्याला देऊन टाकावं असं वाटणारा या गोष्टीत हा एकटाच. दिग्दर्शकाने हा प्रसंग रेंगाळत ठेवला नाही, हे फार बरं केलं.

तक्रारीही आहेत. स्ट्रिप क्लबचा भाग नको इतका लांबलाय. आपल्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे हे दाखवायचा तो अट्टहास वाटतो. हार्लीच्या वाट्याला नुसती बडबड आलीये. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेतून आलेलं हे पात्र हसता हसता काळीज पिळवटू शकतं, हे बर्नेटला मुद्दाम सांगायला नको; तोही त्याच मालिकेच्या कर्त्यांपैकी. मग इथे तिला एक तरी स्वतःचा प्रसंग का दिला नाही?

पाहणार असाल तर मूळ इंग्रजी आवाजांतच पाहा. डेडशॉटला क्रिश्चन स्लेटरने जो थकलेला, कडवट सूर दिलाय, तो सुटला तर शेवटची हातचलाखी निम्मीच उरेल.