कटकट वाजणारा जॉइंट ग्रीसने बरा होत नाही

"वळताना पुढच्या चाकातून कटकट येते? मिस्त्रीला पैसे देऊ नका. बुटाला बारीक छिद्र पाडा, गनने ट्रॅक्टरचं ग्रीस भरा, वरून टेप मारा. अ‍ॅक्सल बदलायचाच झाला तर जॅकवर गाडी उचला, घरीच तासाभरात होतो." आमच्या यवतमाळकडच्या गावांत हा मेसेज सध्या फार फिरतोय. (अ‍ॅक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला जोर पोचवणारा दांडा, आणि बूट म्हणजे त्याच्या जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण.) मलाच तीन नातेवाइकांनी पाठवला. घरी काम करायला माझा विरोध नाही, अ‍ॅक्सल मी स्वतः घरी काढलेत. पण या मेसेजातली जवळपास प्रत्येक ओळ चुकीची आहे आणि एक तर जीवघेणी आहे.

ग्रीस भरायची कल्पना ट्रॅक्टरवरून आली असावी. ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपच्या क्रॉसला, म्हणजे दांड्याच्या सांध्याला, ग्रीस भरायचे निपल असतात. गन मारली की जुनं ग्रीस बाहेर, नवं आत. आपल्या हाताला तीच सवय. पण 1983 साली मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांना जोर देणारे अ‍ॅक्सल हळूहळू खेड्यांतही पोचले. त्यांच्या सीव्ही जॉइंटला, म्हणजे चाक वळलं तरी जोर पोचवणाऱ्या सांध्याला, निपल नसतो, कारण बूट शाबूत असेल तर आतलं ग्रीस वर्षानुवर्षं पुरतं. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटात साधारणपणे सहा पोलादी गोळ्या खाचांत फिरतात. बूट फाटला की चाकाच्या गतीने ग्रीस बाहेर उडतं, रिमच्या आतून काळे शिंतोडे दिसतात आणि पांदणीचा चिखल आत शिरतो. कटकट ऐकू येते तेव्हा खाचा खाऊन झालेल्या असतात. ग्रीसने पोलाद भरून येत नाही.

आवाज मात्र काही दिवस दबतो, म्हणून लोकांना उपाय पटतो. माझ्या मेव्हण्यानेही असंच केलं. दहा-बारा दिवस गाडी शांत होती. मग दारव्हा रस्त्यावर, आईला दवाखान्यात नेताना, जॉइंट तुटला. इंजिन सुरू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. त्या माउलीला दुसऱ्याच्या ऑटोत बसवून न्यावं लागलं. तेव्हापासून हा मेसेज दिसला की मला गप्प बसवत नाही.

बुटाला छिद्र पाडणं म्हणजे तर चिखलाला आपणच दार उघडून देणं. फिरत्या, ग्रीस लागलेल्या रबरावर टेप टिकत नाही. आणि कुठलंही ग्रीस चालत नाही. बुटाच्या किटमध्ये मॉलिब्डेनमचं काळसर ग्रीस पाकिटात येतं, तेच पूर्ण वापरायचं, जुनं ग्रीस धुऊन-पुसून काढल्यावर. आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं पाकीट वेगळं दिलं असेल तर अदलाबदल करू नका.

आता ती जीवघेणी ओळ: "जॅकवर गाडी उचला." भाऊ, आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात जॅक तिच्यात रुततो, उन्हाळ्यात भेगांवर कलतो. अंगणातल्या मातीवर हे काम करूच नका. सिमेंटचा पक्का कोबा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण आणि गाडीखाली स्टँड, एवढं नसेल तर खाली हात घालू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कधीच नाही.

अ‍ॅक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, दुसऱ्याला ब्रेक दाबून बसवायचं. परत जोडताना नवा नट. "दाबून आवळला" हे माप नव्हे. अनेक छोट्या गाड्यांत तो 200 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, म्हणजे मीटरभर पाइपाच्या टोकाला वीस किलोचा भार. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, वापरा. नट सैल राहिला तर चाकाची बेअरिंग जाते. अ‍ॅक्सल काढलेली गाडी ढकलून बाजूला करायची नाही, त्यानेही तेच होतं.

आतलं टोक काढताना दांड्याला हिसका देऊ नका, आतला जॉइंट सुटा होतो. गिअरबॉक्स आणि जॉइंटच्या मध्ये पहार लावून, तेही तेल अडवणारं ऑइल सील सांभाळून. गिअर ऑइल आधी काढून घ्या, शेवटी पातळीपर्यंत पुन्हा भरा. पहिल्यांदाच करत असाल तर तासाभरात नाही, अख्खा दिवस जातो.

ग्रीसचा उपयोग होतो तो कटकटीच्या आधी. पऱ्हाटीच्या खुंटांतून गाडी नेली की स्टिअरिंग पूर्ण वळवून बुटाच्या घड्या बघायच्या. परवा मेव्हण्याच्या गाडीचा दुसरा बूट बघितला. बोटभर चीर आहे, आवाज अजून नाही. बूट, पट्ट्या आणि ग्रीसचं पाकीट आणून ठेवलंय, रविवारी बसवतोय.