हाड धरेपर्यंत

कवटीत स्क्रू बसवून घ्यायचा असेल तर ऑपरेशनच्या आधी विनोदाची तयारी करावी लागते. "आधीचा ढिला झाला होता वाटते?" हा विनोद मला शेजारच्या काकांनी ऐकवला, साडूनं ऐकवला, ऑफिसातल्या शिपायानं ऐकवला आणि भूलतज्ज्ञांनीही सोडला नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्याचा आनंद. मी दर वेळी हसलो. त्यातल्या निम्म्या वेळा ऐकू न येताच हसलो. समोरच्याचे ओठ थांबले आणि डोळे चमकले की हसायचं, एवढं शिक्षण कमी ऐकू येणाऱ्याला आयुष्य देतंच.

माझे कान लहानपणापासून वाहायचे. घरच्यांनी लसूण घालून कढवलेलं तेल ओतून त्यांची मनोभावे सेवा केली. पुढे पडदे गेले, हाड सडलं, डॉक्टरांनी ते कोरून काढलं. आतला, खरं ऐकण्याचं काम करणारा शंख मात्र ठणठणीत राहिला. म्हणजे साहेब केबिनमध्ये हजर, पण त्यांच्यापर्यंत फाईल नेणारं कोणी नाही. साधं मशीन लावून पाहिलं, पण त्याचा साचा कानात बसला की कान पुन्हा वाहायला लागे. साचा काढला की कान कोरडा आणि मी ठार बहिरा. गंमत अशी की माझं स्वतःचं खाणं मला फार स्पष्ट ऐकू यायचं. चिवडा खाताना तर बाकी जग गेलं खड्ड्यात.

नागपुरातल्या नव्या डॉक्टरांनी ५१२ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे एकाच सुरात गुणगुणणारा ट्यूनिंग फोर्क, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज डाव्या कानात घुमला, म्हणजे जो जास्त वाया गेलेला त्यातच. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. डॉक्टर मात्र खूश. आवाज हाडातून थेट शंखाकडे जातो आणि बाहेरचा रस्ता बंद असला की त्याच बाजूला जास्त वाजतो. "तुमचं हाड उत्तम ऐकतं," ते म्हणाले. माझ्या शरीरातल्या एखाद्या भागाची अशी स्तुती प्रथमच होत होती.

मग त्यांनी युक्ती समजावली. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर कुपी निघेना, कारण हाडानं तिला आपलंसं केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी याच गुणावर एका माणसाला कृत्रिम दात बसवले आणि १९७७ मध्ये गोथेनबर्गला टेलस्ट्रॉम यांनी कानामागच्या हाडात पहिले स्क्रू बसवले. स्क्रूवर मशीन अडकवायचं, मशीन कंप करणार, कंप हाडातून शंखात. कान मध्ये येतच नाही. इतकी वर्षं ज्याची सेवा केली त्याला पूर्ण डावलायचं, हे मला फार आवडलं.

आधी चाचणी म्हणून तेच मशीन पट्ट्यावर लावून डोक्याला बांधून घरी पाठवलं. सासूबाईंनी मला पाहिलं आणि मुलीकडे नजर टाकली. "ह्या वयात हेअरबँड?" असं त्या अगदी हळू म्हणाल्या. मला ते ऐकू आलं! ऑपरेशन करायचं त्याच क्षणी ठरलं.

मधल्या फिटनेस, ईसीजी, शुगर वगैरे गोष्टी सगळ्यांच्याच होतात. विमावाल्यांनी मात्र 'हे ऑपरेशन आहे की उपकरण' या प्रश्नावर माझ्याशी फोनवर चर्चा करायचा हट्ट धरला. मला फोनवर ऐकू येत नाही, यासाठीच तर ऑपरेशन आहे, हे बायकोनं त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, पेशंटलाच द्या.

संक्रांत झाली आणि माझा नंबर लागला. वॉर्डबॉयनं कानामागची पट्टी सफाचट केली. डॉक्टरांनी कानाच्या भोकापासून मागे आणि वर सुमारे साडेपाच सेंटिमीटर मोजून शाईनं खूण केली, म्हणजे मशीन कानाच्या पाळीला घासायला नको. भूल त्या जागेपुरतीच. दुखणार नाही म्हणाले होते, दुखलंही नाही. पण ड्रिल हाडाला लागलं आणि मी थिजलो. आयुष्यात इतकं स्वच्छ, भरघोस मी काहीच ऐकलं नव्हतं! मिनिटाला दोन हजार फेरे घेणारी ती भिंगरी थेट माझ्या शंखाच्या दारात गात होती. सतत सलाईनची धार सोडत होते. का, असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "हाड मिनिटभर ४७ अंशांवर तापलं तरी मरतं, मग स्क्रू धरत नाही." नागपूरच्या माणसाला ४७ अंशांची भीती घालतात! आम्ही त्या तापमानात लग्नं लावतो.

स्क्रू चार मिलिमीटरचा. त्यासाठी डोक्याला बांधलेलं मुंडासं मात्र एखाद्या सरदाराला शोभेलसं. दुसऱ्या दिवशी ते उतरलं आणि खाली मलमात भिजवलेल्या जाळीवर बसवलेलं प्लास्टिकचं झाकण दिसलं. भोवतालची कातडी बधिर. उजव्या कुशीवर झोपायचं, डोकं ओलं करायचं नाही. बायकोनं लहान बाळाचा दात घासायचा ब्रश आणून ठेवला. झाकण निघाल्यावर स्क्रूची कातडीबाहेर आलेली मान रोज त्यानं हलक्या हातानं स्वच्छ करायची होती. ती मान आरशात दिसत नाही, दोन आरसे धरले तर ब्रश धरायला हात उरत नाही. त्यामुळे हे काम तिच्याकडे गेलं आणि मला तक्रार करायची सोय उरली नाही.

खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली. हाडानं स्क्रू पक्का धरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. हल्ली काही ठिकाणी थोड्या आठवड्यांत लावतात म्हणे. माझं कोरलेलं, जुनाट हाड पाहून डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. तोवर डोक्यात स्क्रू आहे, पण मी होतो तसाच. हे गणित मला समजलं, डॉक्टरांना समजलं, तिसऱ्या कोणालाही समजलं नाही. ऑपरेशन झालं ना? मग ऐकू यायलाच पाहिजे! इतकी वर्षं माझ्याशी ओरडून बोलणारं अख्खं गोत्र एका रात्रीत सभ्य झालं. भेटायला येणारे खुर्ची जवळ ओढून, पेशंटशी बोलावं तशा मऊ आवाजात बोलू लागले. तिळगूळ देऊन गोड गोड बोला म्हणतात ते ठीक, पण मोठ्यानं बोला! त्या दिवसांइतका बहिरा मी कधीच नव्हतो.

"ऐकू येऊन राह्यलं का आता?" काका विचारत.

"अजून मशीन नाही लावलं. हाड धरायचंय."

"पाहा, आलं नं ऐकू!" म्हणून ते काकूंकडे वळत. त्यांचा प्रश्न ठरलेला होता, म्हणून मी उत्तर दिलं होतं. हे सांगेपर्यंत त्यांनी पोह्यांची बशी उचललेली असे.

मेट्रो स्टेशनवर किल्ल्या, मोबाईल, पट्टा सगळं काढून मी मोठ्या आशेनं चौकटीतून गेलो. निदान यंत्रानं तरी दखल घ्यावी! चौकट गप्प. टायटॅनियम असं अबोल असतं.

शेवटी मे महिन्यात मशीन स्क्रूवर टकदिशी बसलं. पहिल्या आठवड्यात मला कळलं की प्लास्टिकची पिशवी ही एक भयंकर वस्तू आहे, सगळे नळ थेंब थेंब गळतात आणि मशीनजवळ हेल्मेट किंवा उशी गेली की ते शिट्टी मारतं. आणि रात्री पलंगाजवळ कोणीतरी खडी दळतंय असं वाटलं. तो आमचा कूलर होता. बायको किती उन्हाळे त्याच्याबद्दल बोलत होती कोण जाणे. मी तिला दर वेळी सांगायचो, मला तर काही आवाज येत नाही.

मिस्त्री आला. "आवाज तं राहणारच साहेब, कूलर आहे नं." मी कूलरचं मागचं दार काढायला लावलं. त्यानं खिशातून लांब पेचकस काढला, टोक मोटारीच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून डोळे मिटले. मी बघतच राहिलो. ब्रोनेमार्क नाही, टेलस्ट्रॉम नाही, विमा नाही! "बेअरिंग गेली," त्यानं निदान केलं. मग पेचकस माझ्या हातात दिला. मी मशीन नसलेल्या बाजूला मूठ दाबली. आत खरोखरच खडी दळली जात होती.

बेअरिंग आणि मजुरी मिळून त्यानं जो आकडा सांगितला, तो मात्र मला नीट ऐकू आला नाही. मी कानाकडे बोट दाखवून "काय म्हणालात?" असं विचारलं. दुसऱ्यांदा सांगताना तो दोनशेनं उतरला होता. म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं.