‘पॉश’ बोटीतून उतरला नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट अशी: ‘पी अँड ओ’ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब सावलीच्या बाजूची केबिन घेत. येताना डावीकडची, म्हणजे ‘पोर्ट’. परतताना उजवीकडची, म्हणजे ‘स्टारबोर्ड’. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं तिकिटावर उमटवत आणि त्यातून ‘पॉश’ शब्द झाला.

आधी ते तिकीट दाखवा. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. कंपनीच्या जुन्या दप्तरातही पुरावा नाही.

सावलीचा हिशेब अगदीच खोटा नाही. अरबी समुद्रात पूर्वेकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला येते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो. पण उकाड्यासाठी बदनाम असलेल्या तांबड्या समुद्रात बोट आग्नेयेकडे जाते. तिथे सकाळचं ऊन डाव्याच केबिनींवर. शिवाय मुंबईत मेच्या मध्यात आणि जुलैअखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात. त्या दोहोंच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणजे ‘पोर्ट’वालेच भाजणार! असो. सावलीची केबिन कुणी मागून घेतली असेलही, पण त्यावरून शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

खरा घोळ सालांचा आहे. झकपक, उंची अशा अर्थाचा ‘पॉश’ १९१० च्या दशकात छापील इंग्रजीत दिसतो. बोटीची गोष्ट छापून आलेली सापडते ती थेट १९३५ च्या सुमारास. सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. मग मधल्या साठ-पासष्ट वर्षांत पत्रं-रोजनिशा खरडणाऱ्या एवढ्या साहेब-मेमसाहेबांपैकी कुणाच्याच लिखाणात ही आद्याक्षरं कशी सापडत नाहीत?

आद्याक्षरं जोडून शब्द पाडण्याची हौसही मुख्यतः विसाव्या शतकातली. आपल्या ऑफिसांतली लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी ‘पॉश’ समिती तशी खरोखरच आद्याक्षरांची (‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’), पण तो कायदा २०१३ चा.

मग शब्द आला कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या बाजारू बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, चिल्लर. पुढे छानछोकी माणसालाही तो शब्द लागला. चिल्लरवाला ‘पॉश’ युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आल्याचं मानतात. रोमानी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली, तेव्हा ‘पॉश’चं भारताशी नातं जोडायचंच असेल तर बंदर सोडून इकडे शोधावं. मात्र आजचा ‘पॉश’ त्याच चिल्लरीतून आला, हेही सिद्ध झालेलं नाही.